स्पॅनिश सिनेमाची वही : मुक्काम फ्रँकोचा स्पेन

स्पॅनिशचा क्लास लावल्यापासून सिनेमेही शक्यतो त्याच भाषेतले बघतोय. सुरुवात सगळे करतात तिथूनच केली : आधी स्पेनचा दिग्दर्शक आल्मोदोवार, मग मेक्सिकोचा ‘रोमा’, मग नट रिकार्दो दारीनसाठी अर्जेंटिनाचा ‘एल सेक्रेतो दे सुस ओखोस’. त्यांच्यावर भरपूर लिहून झालंय, मी भर घालत नाही. तिथून मागे मागे जात स्पेनचा हुकूमशहा फ्रँको याच्या काळात येऊन पोचलो आणि इथून पाय निघेना. आता कुणी विचारलं की मी पहिलं नाव दिग्दर्शक बेर्लांगाचं सांगतो.

लुईस गार्सिया बेर्लांगाचा ‘बिएनवेनिदो, मिस्टर मार्शल’ १९५३ चा. अमेरिकन पाहुणे येणार म्हटल्यावर कास्तीयमधलं एक खेडं रातोरात अंदालुसियाचं, म्हणजे फ्लामेंको नाचाच्या दक्षिण स्पेनचं, सोंग घेतं, कारण परदेशी माणसाला स्पेन म्हणजे तेवढंच ठाऊक. मंत्र्याच्या दौऱ्याआधी एका रात्रीत झालेला डांबरी रस्ता ज्याने पाहिलाय, त्याला पुढचं समजावायची गरज नाही. मार्शल योजनेतून, म्हणजे महायुद्धानंतर अमेरिकेने युरोपला दिलेल्या मदतीतून, स्पेनला वगळलेलं होतं, एवढं डोक्यात ठेवून बघा. पेपे इस्बेर्त यात बहिरा महापौर आहे. बाल्कनीत उभं राहून तो ‘मी तुम्हाला खुलासा देणं लागतो’ हेच फिरवून फिरवून सांगत राहतो, आणि खुलासा काही येत नाही. मी तेवढाच तुकडा परत परत लावतो.

त्याचाच ‘एल वेर्दुगो’ (१९६३) मात्र माझ्या यादीत सगळ्यात वर. मयताची कामं करणारा एक तरुण सरकारी जल्लादाच्या मुलीशी लग्न करतो. सासऱ्याला मिळणारा सरकारी फ्लॅट हातचा जाऊ नये म्हणून निवृत्तीनंतर त्याची नोकरी जावयाने घ्यायची, एवढीच अट. कुणाला मारायची वेळ येणारच नाही, अशी सगळे त्याची समजूत घालतात. शेवटाकडे एक मोठं, रिकामं, पांढरंफटक दालन आहे. कॅमेरा उंचावर, लांब. पुढे कैद्याला घेऊन चाललेला घोळका, मागे दुसरा घोळका, आणि त्यात ज्याला ओढत न्यावं लागतंय तो जल्लाद! हसू येतं आणि अर्ध्यात अडकतं. सासऱ्याचा शेवटचा संवाद इथे सांगत नाही, तो ऐकायलाच हवा. व्हेनिसच्या महोत्सवात हा दाखवला त्याच्या थोडंच आधी, ऑगस्टमध्ये, माद्रिदला दोन अराजकवाद्यांना गारोतेने, म्हणजे गळ्याभोवती लोखंडी कडं आवळून, मारलं होतं. स्पेनचा इटलीतला राजदूत या सिनेमावर का खवळला ते वेगळं सांगायला नको.

सेन्सॉरचा सगळ्यात मजेशीर किस्सा दिग्दर्शक लुईस बुन्युएलच्या ‘विरिदियाना’चा. नायिका रात्री चुलतभावाच्या खोलीचं दार ठोठावते, हा मूळ शेवट सेन्सॉरने नाकारला. बुन्युएलने बदलून दिला : भाऊ, मोलकरीण आणि ती, तिघं पत्ते खेळायला बसतात. मूळापेक्षा जास्त चावट, आणि तरी पास! १९६१ ला कान महोत्सवात पाम द’ऑर हे सर्वोच्च पारितोषिक मिळालं, व्हॅटिकनच्या वर्तमानपत्राने झोडपलं, आणि स्पेनमध्ये तो १९७७ पर्यंत दिसला नाही.

विक्तोर एरिसेचा ‘एल एस्पिरितु दे ला कोल्मेना’ (१९७३) रात्री, दिवे मालवून बघा. १९४० सालचं कास्तीयमधलं गाव, फिरता सिनेमा येतो, दोन बहिणी ‘फ्रँकेन्स्टाईन’ बघतात आणि धाकटीला तो राक्षस खराच वाटू लागतो. घरातला प्रकाश मधासारखा पिवळा, खिडक्यांच्या काचा मधमाशांच्या पोळ्यासारख्या षटकोनी (नावातलं ‘कोल्मेना’ म्हणजे तेच). धाकटीचं काम करणाऱ्या छोट्या आना तोरेंतला पात्रांची वेगळी नावं समजेनात, म्हणून एरिसेने पात्रांनाच नटांची नावं दिली. पडद्याकडे बघतानाचा तिचा दचकलेला चेहरा अभिनय नाही : समोर खरोखर तो सिनेमा चालू होता आणि छायालेखक लुईस क्वाद्रादोने कॅमेरा हातात धरून तो क्षण टिपला. तीच आना पुढे कार्लोस साउराच्या ‘क्रिया कुएर्वोस’मध्ये (१९७६) आहे. त्यातलं ‘पोर्के ते वास’ गाणं डोक्यातून जात नाही, हा इशारा समजा.

भाषा शिकणाऱ्यांसाठी : एरिसेकडे बोलणं कमी आणि सावकाश, तिथे स्पॅनिश सबटायटल लावून निभतं. बेर्लांगाकडे पाच जण एकदम बोलतात आणि सबटायटल एकाचंच येतं. पहिल्यांदा इंग्रजी सबटायटल लावून गोष्ट समजून घ्या, दुसऱ्यांदा बंद करून नुसता गलका ऐका.

साउराला २०२२ च्या गोव्यातल्या इफ्फीत जीवनगौरव मिळाला, तेव्हा मला त्याचं फक्त नाव माहीत होतं. आता त्याचा ‘ला काथा’ (१९६६) काढून ठेवलाय, नंतर एरिसेचा ‘एल सुर’, जो निर्मात्याने मध्येच थांबवल्याने अर्धाच चित्रित झाला. मग बुन्युएलच्या मागे मेक्सिकोला, ‘लोस ओल्विदादोस’पासून. आल्मोदोवारचे राहिलेले सिनेमे पावसाळ्यानंतर.