सतरावा प्रश्न

सैन्यातून निवृत्त होऊन चार वर्षं झाली होती, तेव्हा वीस प्रश्नांचा तो कागद पहिल्यांदा माझ्या हाती पडला. सगळ्या प्रश्नांचं मूळ एकच: गेल्या महिनाभरात याचा तुम्हाला किती त्रास झाला? नको असताना येणाऱ्या आठवणी, वाईट स्वप्नं, माणसांपासून तुटल्यासारखं वाटणं, जराशा आवाजानं दचकणं. अजिबात त्रास नसेल तर शून्य, अतिशय असेल तर चार. फॉर्म भरायला नोकरीनं मला चांगलंच शिकवलं होतं. शून्य, एक, एक, शून्य असे आकडे टाकून दोन मिनिटांत मोकळा झालो. बेरीज १४.

शेजारी बसलेल्या बायकोनं कागदावर नजर टाकली आणि विचारलं, “हे कोणाबद्दल लिहिलंय तुम्ही?”

मी दुसरा कागद मागून घेतला. या खेपेला ती काही बोलली नाही, फक्त एकेका आकड्याला माझ्याकडे बघत राहिली. बेरीज ५७ झाली. जास्तीत जास्त ८० होऊ शकते, आणि साधारण ३१ ते ३३ च्या पुढे गेली की पीटीएसडीची, म्हणजे आघातानंतरच्या मानसिक ताणविकाराची, पुढची तपासणी करतात, हे मला नंतर कळलं.

खरं तर मी तिथे गेलो तो मुलीमुळे. ती आठ वर्षांची. खोलीत शिरण्याआधी ती दारातूनच मोठ्यानं सांगायची, “बाबा, मी आत येतेय हं.” कौतुकच वाटायचं मला, पोरगी किती शिस्तीची आहे म्हणून. एकदा तिची मैत्रीण घरी आली होती. ती तशीच आत यायला निघाली, तर हिनं तिला दंडाला धरून मागे ओढलं आणि कुजबुजली, “आधी सांगायचं असतं.” हे तिला कोणीच शिकवलं नव्हतं. तिचं तीच शिकली होती.

त्याआधी मी एका समुपदेशकाकडे जाऊन आलो होतो. जुन्या गोष्टी उगाळू नका, मन कशात तरी गुंतवा, सकारात्मक राहा, असं ते म्हणाले. मला तो सल्ला फार आवडला, कारण मी तेच तर करत होतो. डिझेलचा वास येईल तिथे जायचं नाही, जुन्या सोबत्यांचे फोन घ्यायचे नाहीत, रात्री दोन पेग घेतल्याशिवाय अंथरुणाला पाठ टेकायची नाही. मन गुंतवण्यात माझा हात कोणी धरला नसता.

दुसऱ्या खेपेला ज्या मनोविकारतज्ज्ञ बाई भेटल्या, त्यांनी नुसत्या बेरजेवर शिक्का मारला नाही. तासाभराहून जास्त वेळ विचारत होत्या. मध्येच, झोपेबद्दल विचारावं तितक्या सहज आवाजात त्यांनी विचारलं, “जीव द्यावा असं कधी मनात येतं का?” बायको बाहेर बसली होती. मी हो म्हणालो. असं विचारल्यानं ते माणसाच्या डोक्यात शिरतं ही समजूत चुकीची आहे. माझ्या डोक्यात ते आधीपासून होतंच, विचारणारं कोणी नव्हतं.

त्याच दिवशी आम्ही एक कागद तयार केला. धोक्याची चाहूल मला कशावरून लागते, तेव्हा एकट्यानं काय करता येईल, कोणाजवळ जाऊन बसता येईल, मदत मागायची तर कोणाकडे, कोणत्या डॉक्टरांना फोन करायचा, आणि शेवटी घरात काय ठेवायचं नाही. माझ्याकडे परवान्याचं पिस्तूल होतं. ते रीतसर मेहुण्याकडे गेलं. या एका गोष्टीवर मी फार हुज्जत घातली. सैनिकाचं हत्यार काढून घेता म्हणजे काय, वगैरे. बाई शांतपणे म्हणाल्या, “तो क्षण बहुधा टळतो. हाताशी काही नसलं की टळायला वेळ मिळतो.” त्यावर मला उत्तर सुचलं नाही.

झोपेच्या गोळ्या मागितल्या, त्या मिळाल्या नाहीत. या आजारात त्या प्रकारच्या गोळ्या उपयोगी पडत नाहीत, सवय मात्र लावतात, असं कळलं. सर्ट्रालिन हे नैराश्यावरचं औषध सुरू झालं आणि गुण यायला चार ते सहा आठवडे लागतील अशी ताकीद मिळाली. स्वप्नांसाठी प्राझोसिन नावाची रक्तदाबाची गोळी वापरतात, असं मी कुठूनतरी ऐकून आलो होतो. बाईंनी आडपडदा ठेवला नाही. काहींना गुण येतो, पण २०१८ साली प्रसिद्ध झालेल्या तीनशेच्या आसपास माजी सैनिकांवरच्या चाचणीत ती औषध नसलेल्या खोट्या गोळीपेक्षा सरस ठरली नव्हती. हे ऐकून मी निराश व्हायला हवं होतं, उलट बाईंवरचा विश्वास वाढला. दारूबद्दल म्हणाल्या, तिनं डोळा लागतो, पण पहाटेची झोप विस्कटते आणि स्वप्नं तिथेच दबा धरून बसतात. माझी स्वप्नं पहाटे तीननंतरचीच होती.

खरा उपचार बोलण्याचा होता आणि त्यात निवड मला करायची होती. कॉग्निटिव्ह प्रोसेसिंग थेरपीची साधारण १२ सत्रं असतात, त्यात घटनेबद्दलचे आपले विचार लिहून काढून तपासायचे. ईएमडीआर नावाच्या दुसऱ्या पद्धतीत आठवण मनात धरून डोळे डावीकडून उजवीकडे हलवायचे. तिसरी प्रोलॉन्ग्ड एक्सपोजर, एडना फोआ या मानसशास्त्रज्ञ बाईंनी विकसित केलेली. तिच्यात घटना पुन्हा पुन्हा मोठ्यानं सांगायची. लिहिणं मला जमत नाही आणि डोळे हलवण्यावर माझा विश्वास बसेना (तीही पद्धत चाचण्यांत टिकली आहे, हे मान्य). म्हणून तिसरी घेतली. आठवड्याला एक सत्र, दीड तासाचं. आठ ते पंधरा सत्रं लागतात, मला तेरा लागली.

हा उपचार देणारा समुपदेशक तरुण होता, माझ्या धाकट्या भावाच्या वयाचा. युद्ध कशाशी खातात हे याला काय माहीत, असं मनात आलं आणि मी ते बोलूनही दाखवलं. “नाही माहीत, म्हणून तर तुम्ही सांगणार आणि मी ऐकणार,” तो म्हणाला. मग त्यानं डब्ल्यू. एच. आर. रिव्हर्स या डॉक्टरांची हकिगत सांगितली. पहिल्या महायुद्धात एडिनबरोजवळच्या क्रेगलॉकहार्ट इस्पितळात ते खचलेल्या अधिकाऱ्यांवर उपचार करत. त्या काळी याला शेल शॉक म्हणत. चार्ल्स मायर्स यांनी १९१५ साली लॅन्सेट या नियतकालिकात तो शब्द छापल्यावर तो सगळीकडे पसरला. विसरा, मन दुसरीकडे लावा, असंच तेव्हाही त्या माणसांना सांगितलं जायचं. विसरण्याच्या या आटापिट्यानंच ती जास्त आजारी पडतात, असं रिव्हर्स यांनी १९१७ साली मांडलं. आज आपण ज्याला पीटीएसडी म्हणतो ते नाव आजारांच्या अमेरिकी यादीत शिरलं १९८० साली. म्हणजे माझ्या पहिल्या समुपदेशकाचा सल्ला शंभर वर्षांपूर्वीच खोडून झाला होता. मला हसू आलं, आणि मग रागही.

पहिलं सांगणं सहा मिनिटांत संपलं. रात्रीची वेळ, दोन गाड्या, पुढची सुरुंगावर गेली, मी मागच्या गाडीत वायरलेस सेटवर. एक ठार, दोन जखमी. अहवाल द्यावा तसं सांगितलं.

“आता डोळे मिटून, वर्तमानकाळात,” तो म्हणाला. “आणि ‘आम्ही’ नको, ‘मी’.”

लिहायला सोपं वाटतं. “मी उतरलो” म्हटलं की तो हळूच म्हणायचा, “उतरतोय.” “आम्ही खाली वाकलो.” “मी वाकतोय.” फौजेत ‘मी’ फारसा वापरात नसतो. जे होतं ते तुकडीचं होतं, तिची फत्ते आणि तिचीच चूक. त्या ‘आम्ही’च्या आडोशाला मी इतकी वर्षं लपलो होतो, हे मला ‘मी उतरतोय’ म्हणताना कळलं, कारण त्या क्षणी पाय खरोखर थरथरायला लागले. दर पाच मिनिटांनी तो आकडा विचारायचा: अस्वस्थता शून्य ते शंभरमध्ये किती? पंच्याण्णव. नव्वद. पंच्याण्णव. चाळीस मिनिटं त्याच सहा मिनिटांच्या कथेत गोल गोल फिरलो. बाहेर आलो तेव्हा सदरा पिळून निघाला होता.

हे सगळं फोनवर रेकॉर्ड व्हायचं आणि घरी रोज एकदा ऐकायचं. पहिला आठवडा वाईट गेला. स्वप्नं वाढली. तसं होऊ शकतं, असं सांगून ठेवलेलं होतं, तरी चौथ्या सत्रानंतर मी दोन आठवडे गेलोच नाही. हा उपचार मध्येच सोडणारे खूप असतात, आणि का सोडतात ते मी शपथेवर सांगू शकतो. परत गेलो ते धैर्य वगैरे होतं म्हणून नव्हे. तिसऱ्यांदा फोन आला आणि खोटं कारण सुचेना.

दुसरा गृहपाठ यादीचा होता. टाळतो त्या गोष्टी उतरवायच्या, प्रत्येकीला आकडा द्यायचा आणि खालच्या आकड्यापासून सुरुवात करायची. डिझेल पंपावर उभं राहणं: ४०. रस्त्यातल्या बेवारस पिशवीच्या बाजूनं चालत जाणं: ६०. बायकोच्या शेजारी बसून तिला गाडी चालवू देणं: ६५. (“यात आजार कुठला?” असं ती म्हणाली.) भरलेल्या हॉलमध्ये दाराकडे पाठ करून बसणं: ८०. अट एकच, अस्वस्थता उतरेपर्यंत किंवा निदान पाऊण तास हलायचं नाही. पंपावर पहिल्या दिवशी मला ओकारी आली. पाचव्या दिवशी मी उभ्या उभ्या फोनवर बातम्या वाचत होतो, आणि तेही पकडलं गेलं. लक्ष दुसरीकडे नेणं म्हणजेही पळणंच, म्हणे.

मुख्य गोष्ट आठव्या सत्रात घडली. तोवर माझी कथा अशी होती की पुढच्या गाडीतला सोबती रस्त्यावर पडून मला हाका मारत होता आणि मी सेट हातात धरून बसून राहिलो. काहीच केलं नाही. अर्धा तास. त्या दिवशी फक्त तेवढाच भाग पुन्हा पुन्हा सांगायचा होता. पाचव्यांदा सांगताना मी म्हणालो, “कॉलर ओढली जातेय.” आणि थांबलो. कॉलर हा शब्द आधीच्या एकाही रेकॉर्डिंगमध्ये नव्हता. मी उठलो होतो. दोन पावलं गेलो होतो. तुकडीप्रमुखानं मला मागे खेचलं होतं, कारण रस्त्यात दुसरा सुरुंग असण्याची शक्यता होती. मग मी सेटवर ठिकाण तीनदा सांगितलं आणि सवयीनं वेळ नोंदवली. पहिल्या आणि शेवटच्या संदेशात अकरा मिनिटांचं अंतर होतं. अर्धा तास नव्हे.

आठवणींवर माझा आंधळा विश्वास नाही, आणि समुपदेशकानं तर अवाक्षरही सुचवलं नव्हतं. म्हणून चार वर्षांनी पहिल्यांदा मी एका जुन्या सोबत्याला फोन लावला. तो म्हणाला, “अरे, ओढलं म्हणजे काय, आडवा पाडला होता तुला. विसरलास?”

हे मी का पुसून टाकलं असेन, यावर आम्ही दोन सत्रं बोललो. तुकडीप्रमुखाला मी मानत होतो. दोष माझा ठरला की त्याचा हुकूम बरोबर होता की चूक, हा प्रश्न उरत नव्हता. आणि दोष माझा असेल, तर पुढच्या वेळी मी सावध राहीन म्हणजे तसं होणार नाही, एवढा तरी आधार होता. म्हणून मी सावध राहिलो. चार वर्षं, घरातल्या घरात, आठ वर्षांच्या पोरीपासूनसुद्धा.

दोष गेला, दुःख गेलं नाही. हुकूम पाळला हे बरोबरच होतं, तरी तो हाका मारत होता आणि मी गेलो नाही, हेही खरंच आहे. व्हिएतनाम युद्धातून परतलेल्या सैनिकांवर उपचार करणारे जोनाथन शे यांनी अशा जखमेला मॉरल इन्ज्युरी हे नाव रूढ केलं. भीतीची जखम वेगळी, सदसद्विवेकाची वेगळी. प्रोलॉन्ग्ड एक्सपोजरनं पहिली पुष्कळशी भरली. दुसरीसाठी मी महिन्यातून एकदा माजी सैनिकांच्या गटात जाऊन बसतो. तिथे कोणी समजूत घालत नाही, हे फार बरं आहे.

तेराव्या सत्राच्या दिवशी पूर्ण घटना एकदा सांगितली. सर्वात वरचा आकडा ३५ होता. आवाज कंटाळलेला होता आणि समुपदेशकाला तेच हवं होतं. वीस प्रश्नांची बेरीज २६ आली. मधल्या काळात ती एकदा ६१ पर्यंत चढली होती, हेही सांगून ठेवतो. चौथ्या सत्राला कोणी अडकलं असेल तर त्याला ते माहीत असलेलं बरं.

सहा महिन्यांनी पुन्हा बोलावलं होतं. कागद तोच, बायको शेजारी. मुलगी आता खोलीत न सांगता येते. मी अजून दचकतो, पण ती हसते आणि मग मीही. अठराव्या प्रश्नापुढे, दचकण्याच्या, मी दोन लिहिलं. सतरावा प्रश्न सतत सावध, पहाऱ्यावर असल्यासारखं राहण्याचा. तिथे एक लिहिलं आणि पेन खाली ठेवलं.

“तीन,” बायको म्हणाली. “काल रात्री कडी तीनदा बघून आलात.”

कडी सगळेच बघतात, असं माझं म्हणणं होतं. शेवटी दोनवर तडजोड झाली. ती अजून मानत नाही.