केमोत जे होतं ते सगळं सांगायचं

ब्रेस्ट कॅन्सर आहे असं कळलं की पहिल्या आठवड्यात जे जे भेटायला येतात ते जाताना एकच सांगून जातात, पॉझिटिव्ह राहा. चांगल्या मनानेच सांगतात, त्यात शंका नाही. पण त्याने काय होतं माहितीये, बाई बोलायचीच बंद होते. मळमळतंय म्हणायचं नाही, भीती वाटते म्हणायचं नाही, रडायचं तर बाथरूममध्ये नळ सोडून. आणि आपल्याकडच्या बायका तशाही अंगावर काढण्यात तयार, ताप असला तरी चार पोळ्या लाटून मगच आडव्या होणार. माझं ऑपरेशन, केमो, रेडिएशन सगळं होऊन गेलंय, आता रोजची गोळी चालू आहे, आणि या सगळ्यातून गेल्यावर मला जीव तोडून एवढंच सांगावंसं वाटतं की त्रास शरीराचा असो की मनाचा, तो सांगा. डॉक्टरांना सांगा, सिस्टरांना सांगा, घरी सांगा. सांगितलं तर बऱ्याच गोष्टींवर काही ना काही करता येतं, आणि नाही सांगितलं तर समोरच्याला कळणार कसं.

डे-केअरला, म्हणजे दिवसभर बसवून केमो देतात तिथे, माझ्या शेजारच्या खुर्चीवर एक ताई असायच्या, बीडकडच्या, नवऱ्याबरोबर दादरला गाडगे महाराज धर्मशाळेत उतरलेल्या. आमच्यासारख्या खूप जणींना आधी एसी देतात, म्हणजे ते लाल औषध आणि त्याच्याबरोबर दुसरं, आणि मग पॅक्लिटॅक्सेल, बरेचदा दर आठवड्याला एक असे 12 डोस. तर या ताईंचं पॅक्ली चालू होतं आणि एकदा सलाइन लावायच्या आधी त्या ब्लाउजचा हूक काढायला लागल्या, बराच वेळ बोटं नुसती हुकावरून सरकत होती, हूक हाताला लागतच नव्हता. सिस्टरांनी ते बघितलं आणि विचारलं, मावशी बोटं बधिर आहेत का, तर म्हणाल्या नाही नाही, थंडीने झालंय. मे महिना होता. सिस्टर तिथेच खाली बसल्या आणि हळूहळू विचारत गेल्या तेव्हा कळलं की पायात चप्पल आहे की निघून गेली तेही त्यांना चालताना समजत नव्हतं, आणि हे बरेच दिवस चालू होतं. सांगितलं का नाही तर म्हणे डोस बंद करतील, मग आजार परत येईल, गावाकडून एवढा खर्च करून आलोय.

मला त्यांचं अजिबात चुकीचं वाटलं नाही, कुणालाही असंच वाटेल. पण खरी गोष्ट अशी की बोटांना मुंग्या येणं, बधिरपणा हा पॅक्लीचा माहीत असलेला परिणाम आहे, डॉक्टर त्याची वाटच बघत असतात, आणि वेळेवर कळलं तर डोस थोडा कमी करतात किंवा मध्ये गॅप देतात, ट्रीटमेंट सोडून देत नाहीत. उशिरा कळलं तर मात्र बधिरपणा महिनोन्‌महिने राहू शकतो, काहींचा पूर्ण जातही नाही. त्या ताईंचा डोस त्या दिवशी कमी केला आणि पुढचे सगळे डोस नीट झाले त्यांचे. म्हणून बटण लागत नाही, भांडं हातातून सुटतं, पायात मोजे घातल्यासारखं वाटतं, असलं काहीही असेल तर पुढच्या डोसच्या आधी सांगायचंच.

एक गोष्ट मात्र पुढच्या डोसपर्यंतसुद्धा थांबायची नाही आणि ती म्हणजे ताप. केमोनंतर साधारण 7 ते 14 दिवसांच्या मध्ये पांढऱ्या पेशी सगळ्यात खाली जातात, तेव्हा शरीराकडे लढायला काही नसतं. घरात थर्मामीटर पाहिजेच, आणि 100.4 फॅरनहाइट किंवा वर गेला तर रात्रीचे 2 वाजले असले तरी फोन करायचा आणि निघायचं. सकाळी बघू नाही. आणि ताप न मोजता पॅरासिटामॉल घ्यायची नाही, ताप झाकला जातो आणि आतलं इन्फेक्शन वाढत राहतं. पेशी वाढवायचं इंजेक्शन पोटावर देतात, त्यानंतर मांड्या, कंबर, छातीचं हाड असं काही ठणकतं की वाटतं आजार हाडात गेला. मला तर त्या रात्री तेच वाटत होतं, झोपच नाही. सकाळी फोन केल्यावर कळलं की हाडाच्या आतला मगज कामाला लागला की असं ठणकतं. आधीच कुणी सांगितलं असतं तर ती रात्र बरी गेली असती, म्हणून मी आता भेटेल तिला सांगते.

आणि हो, लाल औषधानंतर एक-दोन दिवस लघवी लालसर होते, ते रक्त नसतं, औषधाचाच रंग असतो.

खाण्याचं काय विचारता. तोंडात सतत लोखंड चघळल्यासारखी चव, आणि फोडणीचा वास आला की पोटातून उसळायचं, मोहरी तडतडली की मी बाल्कनीत. शेवटी घरात त्या आठवड्यात फोडणी बंद झाली. मऊ भात, मेतकूट, तूप, ताज्या दह्याचं ताक, नाचणीचं आंबील, बटाट्याची सालं काढून उकडून मीठ लावलेल्या फोडी, हे जायचं. थोडं थोडं, दर दोन तासांनी, पोट रिकामं राहिलं की जास्त मळमळतं. उलटीची गोळी मळमळ सुरू झाल्यावर नाही तर सांगितलेल्या वेळेला आधीच घ्यायची, आणि तेवढ्याने थांबलं नाही तर सांगायचं, दुसरी औषधं असतात, एकच गोळी नसते. त्या गोळीने पोट मात्र कडक होतं, त्याचंही औषध पहिल्याच वेळी मागून घ्या, लाज कसली. तोंड आलं तर एक लिटर उकळून गार केलेल्या पाण्यात एक चमचा मीठ आणि एक चमचा खायचा सोडा, दिवसातून चार-सहा वेळा गुळण्या. अल्कोहोलवालं माउथवॉश अजिबात नको, आग होते.

गव्हांकुर, पपईच्या पानांचा रस, गुळवेल, गोमूत्र, कुणीतरी कुठल्यातरी बाबांची पावडर, हे सगळं आमच्या घरात पण आलं. आणणाऱ्याचं प्रेम असतं, पण केमो लिव्हरमधून किडनीतून जातो आणि त्यावर अजून काय काय टाकलं तर काय होईल ते आणणाऱ्याला माहीत नसतं. माझ्या नवऱ्याने सरळ सांगायला सुरुवात केली, डॉक्टरांना विचारल्याशिवाय काही द्यायचं नाही असं ठरवलंय, राग मानू नका. एक-दोघांनी मानला. मानू दे.

आता मनाचं. केमोबरोबर स्टेरॉइड देतात, डेक्सा म्हणतात त्याला, मळमळ आणि अ‍ॅलर्जी होऊ नये म्हणून. ते दोन-तीन दिवस मी रात्री तीन वाजता कपाटं लावत बसायचे, बोलायचे पटापट, आणि औषध उतरलं की धाडकन खाली, उशीतून डोकं वर काढावंसं वाटायचं नाही, आणि त्यातच लेकीने साधं विचारलं की आई माझा डबा, तर तिच्यावर असं ओरडले की ती रडायला लागली. मग मी पण. मला वाटायला लागलं की आपण बदललोय, वाईट झालोय. पुढच्या वेळी डॉक्टरांना हे सगळं सांगितलं तर ते म्हणाले ही स्टेरॉइडची चढ-उतार आहे, सकाळी लवकर घ्या म्हणजे झोप थोडी येईल, गरज वाटली तर डोस बघू. डायबिटीस असेल तर याने साखरही वाढते, तेही आधी सांगून ठेवायचं. ते ऐकल्यावर मला केवढं हलकं वाटलं. घरी कॅलेंडरवरच लिहून ठेवलं, हे दिवस आईचे खराब, आणि लेक त्या दिवशी स्वतःच येऊन सांगायची, आई आज तू काही बोलू नकोस, मी डबा भरलाय.

पण सगळंच काही स्टेरॉइडने होत नाही. भीती खरी असते. रडू खरं असतं. रडल्याने कॅन्सर वाढत नाही, हे मला कुणीतरी पहिल्या दिवशी सांगायला हवं होतं, कारण मी प्रत्येक वेळी रडून झालं की घाबरायचे की आता याने काही बिघडलं तर. काही बिघडत नाही. मात्र दोन-दोन आठवडे कशातच जीव रमत नसेल, झोप उडाली असेल, जगूनच काय करायचं असं येत असेल तर तेही सांगायचं, मोठ्या कॅन्सर हॉस्पिटलमध्ये समुपदेशक, मानसोपचारतज्ज्ञ असतात. सरकारची टेली मानस म्हणून हेल्पलाइन आहे, 14416, फुकट आहे आणि मराठीत बोलता येतं.

केसांबद्दल सगळे म्हणतात परत येतील, त्यात काय. येतात, खरंय. तरी पहिल्या लाल औषधानंतर दोन-तीन आठवड्यांत उशीवर पुंजकेच्या पुंजके दिसतात तेव्हा तो जो धक्का असतो तो असतोच. आणि नुसते डोक्याचे नाही, भुवया जातात, पापण्या जातात, नाकातलेसुद्धा जातात म्हणून नाक सारखं गळतं, हे कुणी सांगत नाही. नवऱ्याने ट्रिमर फिरवला तेव्हा सासूबाई देवघरात जाऊन बसल्या त्या बाहेरच येईनात. दोन दिवस माझ्याकडे बघून बोलल्या नाहीत. मला खूप लागलं ते. तिसऱ्या दिवशी मीच जाऊन विचारलं, आई, माझं काही चुकलं का, तर म्हणाल्या, "नाही गं बाळा. माझी आजी विधवा, आलवण नेसायची, न्हावी घरी यायचा तिचं डोकं करायला, मी लहान होते, दाराआडून बघायचे. तुझं डोकं बघितलं की ती दिसते. तुझ्या कपाळावर कुंकू आहे, माझा मुलगा समोर उभा आहे, हे सगळं कळतंय मला, पण पोटात गोळा येतो." आम्ही दोघी खूप रडलो. त्यानंतर त्यांनीच त्यांच्या जुन्या मऊ सुती साड्या फाडून मला डोक्याला बांधायला फडकी शिवली, विग एप्रिलच्या उकाड्यात टोचतो म्हणून. त्या बोलल्या नसत्या तर मी आयुष्यभर हेच धरून बसले असते की यांना माझी शिसारी आली.

ऑपरेशनच्या बाजूच्या हाताबद्दल एक सांगायचं राहिलं. काखेतल्या गाठी, म्हणजे लिम्फ नोड, काढल्या असतील तर हाताला सूज येऊ शकते, लगेच नाही, काही वर्षांनीही. पहिलं लक्षण आपल्या बायकांना बांगडीवरून कळतं, एका हाताची बांगडी सहज फिरते आणि दुसऱ्या हाताची रुतायला लागते. तेवढ्यावरच जाऊन दाखवायचं, तेव्हा मसाज, घट्ट स्लीव्ह, व्यायाम याने आटोक्यात राहते. हात लाल, गरम झाला आणि ताप आला तर त्याच दिवशी. आणि भिंतीवर बोटं चढवत हात वर न्यायचा व्यायाम, दुखतो म्हणून सोडू नका, खांदा आखडला की साडीचा पदर खांद्यावर टाकता येत नाही इतकं वाईट होतं.

अजून एक विषय ज्यावर कुणी बोलत नाही. केमोने माझी पाळी चाळिशीतच थांबली, एकदम. आता टॅमॉक्सिफेन चालू आहे, म्हणजे ती रोजची हार्मोन अडवणारी गोळी, ती 5 वर्षं आणि काहींना 10 वर्षं घ्यायची असते. अंगातून वाफा निघतात, रात्री उशी भिजते, आणि नवरा-बायकोत जवळ येणं दुखायला लागतं. एक स्तन नाही, अंगावर तो लांब व्रण, त्यात हे. मला कळायचंच नाही की तो लांब राहतोय ते नकोसं वाटतं म्हणून की मला दुखेल म्हणून. शेवटी विचारलं. दुखेल म्हणून होतं. मी हिंमत करून डॉक्टर मॅडमना सांगितलं, त्यांनी योनीमार्गात लावायचं हार्मोन नसलेलं मॉइश्चरायझर आणि जेल लिहून दिलं, एवढं साधं होतं. वाफांवरही औषध असतं. पण इथे एक लक्षात ठेवा, डिप्रेशनच्या काही गोळ्या, पॅरॉक्सेटिन आणि फ्लुओक्सेटिन, टॅमॉक्सिफेनचं काम कमी करू शकतात, म्हणून मनाच्या डॉक्टरांना आपण टॅमॉक्सिफेनवर आहोत हे सांगायचं, ते चालणारी दुसरी गोळी देतात. स्वतःच्या मनाने मात्र काही बंद करू नका. आणि पाळी गेल्यावर पुन्हा रक्त दिसलं तर लगेच दाखवायचं.

सगळ्यात अवघड मला ट्रीटमेंट संपल्यावर गेलं. रेडिएशनचा शेवटचा दिवस झाला, पेढे वाटले, सगळे आपापल्या कामाला लागले आणि मी घरात एकटी. डे-केअरच्या सिस्टर नाहीत, शेजारच्या खुर्चीवरच्या ताई नाहीत, कुणी रिपोर्ट विचारत नाही. पाठ दुखली तरी तेच मनात येतं. फॉलो-अपच्या आधीचा आठवडा तर विचारूच नका, अजूनही तस्साच जातो. लोकांना वाटतं आता बरी झाली, आता हिला काय, आणि नेमकं तेव्हाच कुणीतरी येऊन बसायला हवं असतं. तुमच्या ओळखीत कुणाचं नुकतंच संपलं असेल तर तेव्हा जा. पॉझिटिव्ह राहा म्हणू नका, कशी आहेस विचारा आणि ती सांगेल ते ऐकून घ्या, वेळ लागला तरी.

पुढच्या महिन्यात माझी दुसऱ्या बाजूची मॅमोग्राफी आहे. भीती वाटतेय. सासूबाईंना सांगितलंय, त्या बरोबर येणार आहेत.