आधी वाळकं, मग ओलं

सात जून आला की आबा पंचांग घेऊन ओट्यावर बसतात. मृग नक्षत्राचं वाहन काय, म्हणजे पाऊस कसा, एवढंच बघायचं असतं. बेडूक, म्हैस, हत्ती निघालं की चेहरा खुलतो. गाढव निघालं की पंचांग मिटतात आणि म्हणतात, "छापणाऱ्याला काय कळतंय!" खरं तर आमच्याकडे, अहिल्यानगर जिल्ह्यातल्या अकोल्याच्या पश्चिमेला राजूरच्या वरच्या अंगाला, पाऊस येईल का ही चिंता नसतेच. एकदा लागला की उघडतो कधी, ही असते.

घरात दोन डांगी गाई, पाच शेळ्या, दहा-बारा कोंबड्या. मे महिना सगळा त्यांच्यातच जातो. पेंढा माळ्यावर चढवायचा, गोठ्यात मुरूम टाकून ठोकायचा, गाईंना घटसर्प-फऱ्याची आणि शेळ्यांना आंत्रविषाराची लस टोचून घ्यायची. लस टोचताना शेळीचे कान धरायचं काम माझं. लाथाही मलाच.

गाईंचं मला काही वाटत नाही. डांगीच्या कातडीला मुळातच तेलकटपणा असतो. भिजून आलेल्या गाईच्या पाठीवरून हात फिरवला तर बोटं बुळबुळीत होतात, पाणी निथळून जातं. खूर काळे आणि टणक, खाचरातल्या चिखलाला दाद देत नाहीत. शेळ्यांचं उलट. चार थेंब पडले की अशा ओरडतात, जसं काही कोणी सुरी दाखवली.

गेल्या वर्षी पहिल्या पावसानंतर बांधावर कोवळं गवत फुटलं. महिनाभर वाळका पाला चघळणाऱ्या शेळ्यांची मलाच दया आली आणि सकाळी उपाशीपोटीच सोडल्या. दुपारी चंद्री कोपऱ्यात मान टाकून उभी. रवंथ बंद. डावी कूस वर आलेली, टिचकी मारली तर ढोलासारखी वाजली. पोटफुगी.

सासूबाईंनी एकदाच बघितलं. "उपाशी सोडलीस का गं?"

फोनला रेंज नाही. हे देवळाच्या टेकडीवर पळाले डॉक्टरांना फोन लावायला. इकडे सासूबाईंनी अर्धी वाटी गोडेतेल घेतलं. मी तोंड उचलायला गेले तर हातावर चापट बसली. मान वर ताणली की तेल फुप्फुसात जातं. तोंड सरळ धरायचं, गालाच्या बाजूने घोट-घोट सोडायचं, शेळीने गिळलं की पुढचा घोट. मग पुढचे पाय ओट्याच्या पायरीवर चढवून आम्ही दोघी आळीपाळीने कूस चोळत बसलो. पाऊण तासाने चंद्रीने असा ढेकर दिला की त्या वासाने दोघींनी पदर नाकाला लावला आणि हसत सुटलो. डॉक्टर आले तेव्हा ती उंबराचा पाला ओढत होती. त्यांनी तपासलं, एक सुई दिली आणि मला चार शब्द सुनावले.

यंदा सकाळी आधी हरभऱ्याचं भुसकट. गवतावरचं पाणी वाळलं की मग तासभर बांध. चंद्री दावं ताणून माझ्याकडे रागाने बघते, बघू दे.

कोंबडीने मात्र फसवलं. पावसात पिल्लं गारठून मरतात म्हणून सासूबाई या दिवसांत खुडूक कोंबडी अंड्यांवर बसवत नाहीत. तर तांबडी गुपचूप सरपणाच्या मागे सात अंडी घालून बसली. सापडली तेव्हा उठवायची म्हणून सासूबाईच गेल्या आणि खाली गोणपाट सारून, वर डालगं ठेवून परत आल्या. पिल्लं एकविसाव्या दिवशी निघतात, माझ्या हिशोबाने आज एकोणिसावा दिवस. बाहेर धो धो लागलाय.