डोक्याचं हाड पोटात

मागच्या जानेवारीत ह्यांना स्ट्रोक झाला, वय 49. पहाटे उठले ते डावा हात उचलेना, तोंड वाकडं. विट्याहून सांगलीला नेलं पण झोपेत नक्की कधी झालं हेच सांगता येईना, आणि गुठळी विरघळवायचं इंजेक्शन साडेचार तासांच्या आत द्यावं लागतं, त्यामुळे ते राहिलंच.

पहिल्या दिवशी चांगले बोलत होते, "चहा घेतलास का" म्हणून मलाच विचारलं, म्हणून आम्ही सगळे जरा निवांत झालो. डॉक्टर काही निवांत नव्हते. म्हणाले उजवीकडची मोठी नस बंद आहे, मेंदूचा मेलेला भाग आता सुजणार, दुसऱ्या ते पाचव्या दिवसापर्यंत वाढत जाणार, आणि कवटी काय फुगत नाही, मग चांगल्या मेंदूवर दाब येतो.

आयसीयूत बेडची डोक्याकडची बाजू 30 डिग्री वर. सासूबाईंनी भेटायला गेल्यावर मायेने अजून एक उशी सरकवली तर सिस्टर केवढ्यांदा ओरडली! मान वाकली की डोक्यातलं रक्त खाली उतरत नाही, दाब वाढतो, हे आम्हाला कुठे ठाऊक. मेंदूची सूज उतरवायचं औषध मॅनिटॉल, त्याच्या बाटलीत थंडीने साखरेसारखे खडे झालेले, ती बाटली गरम पाण्यात धरायची, उजेडासमोर फिरवून बघायची, मगच लावायची. लावलं की लघवीची पिशवी भराभर भरायची. भाऊजींनी स्टेरॉइडचं विचारलं, त्यांच्या मित्राला मेंदूच्या गाठीत दिलं होतं, तर डॉक्टर म्हणाले स्ट्रोकच्या सुजेला त्याचा उपयोग नाही.

दुसऱ्या रात्री हे हाकेला ओ देईनात. सिस्टर दर तासाला टॉर्च मारून डोळे बघायचीच, त्यावेळी तिने दोनदा मारला आणि काही न बोलता फोनकडे गेली. उजवी बाहुली मोठी झालेली. सीटीत मेंदू मधल्या रेषेवरून डावीकडे सरकलेला. सर्जन म्हणाले उजवीकडचं कवटीचं हाड काढून मेंदूला जागा करून द्यावी लागेल, करायचं तर पहिल्या 48 तासांत, नुसत्या औषधांवर अशा 100 पेशंटमधले 70 एक जातात, ऑपरेशनने 22 च्या आसपास. आणि हेही स्पष्ट सांगितलं की जीव वाचेल, हात परत येईल असं समजू नका. ते तेव्हा सांगितलं हे बरं झालं, मला नंतर रडायला वेगळं कारण उरलं नाही. सही मीच केली, भाऊजींचा पेन चालेना म्हणून वॉर्डबॉयचा घेतला.

काढलेलं हाड पोटाच्या कातडीखाली ठेवलं. सासूबाईंना हे सांगितलं तर त्यांना वाटलं मी भ्रमिष्ट झाले.

पुढचे तीन महिने बेडवर पाटी, उजव्या बाजूला हाड नाही. बसले की तिथे वाटीएवढा खड्डा पडायचा, आडवे झाले की भरायचा, मला बघवायचं नाही पण नजर तिथेच. मग हाड परत बसवलं. आता काठीने चालतात, डावा हात नाहीच.

विम्याच्या क्लेमला मात्र क्वेरी आली, ऑपरेशन मेंदूचं तर पोटाला टाके कसे. तीनदा समजावलं. चौथ्यांदा ह्यांनीच फोन घेतला आणि म्हणाले, "साहेब, लॉकरचं भाडं लावलं नाही ते बघा."