वसंतात जिताडा गरवताना

वसंत लागला की हवा आधी तापते, समुद्र मागाहून. दुपारी वर अंग भाजत असतं आणि गुडघाभर पाण्यात उतरलं की पोटऱ्या गार पडतात. जिताडा हवेचं ऐकत नाही, पाण्याचं ऐकतो. पाणी २० अंशांच्या आसपास असेपर्यंत तो खोलात सुस्त पडून राहतो, तोंडासमोरून लूर (खोटं आमिष) गेला तरी हलत नाही. तेच पाणी २६-२७ अंशांवर पोचलं की हाच मासा उथळावर येऊन बोय नावाचे छोटे मासे मारायला लागतो. वसंतातलं गरवणं, म्हणजे गळाने मासे धरणं, या दोन टोकांच्या मधल्या आठवड्यांत असतं, आणि मला नेमके हेच आठवडे समजून घ्यायचे होते.

त्या कामी रॉड आणि रिळापेक्षा जास्त उपयोगी पडला दोरीला बांधलेला साधा थर्मामीटर. जाईन तिथे तो हातभर खोल सोडायचा, मिनिटभर थांबायचं, आकडा वहीत लिहायचा. शेजारी भरतीची वेळ, वाऱ्याची दिशा, पाणी निवळ की गढूळ. पुढे पुढे वहीतच दिसायला लागलं की एकाच खाडीत, एकाच दुपारी, दोन जागांच्या पाण्यात दोन-तीन अंशांचा फरक असतो. चिखलाचा काळा तळ ऊन धरून ठेवतो. त्यावर पसरलेलं वीतभर पाणी दुपार कलेपर्यंत चांगलं कोमट होतं. ओहोटी लागली की तेच कोमट पाणी लहान लहान ओहळांतून मुख्य खाडीत उतरतं आणि येताना कोळंबी, बोयची पिल्लं घेऊन येतं. जिताडा ओहळाच्या तोंडाशी दबा धरून बसतो. म्हणून वसंताच्या सुरुवातीला मी पहाटे जात नाही. दुपारनंतरची ओहोटी ज्या दिवशी मिळेल तो दिवस धरते.

वाऱ्याने मात्र मला बराच काळ चकवलं. जमीन तापली की दुपारी खारा वारा सुटतो, रात्री आणि पहाटे मतलई, एवढं शाळेतच शिकलेलं असतं. पण जमिनीकडून सलग वारा वाहिला, तर किनाऱ्यालगतचं वरचं तापलेलं पाणी बाहेर ढकललं जातं आणि तळाचं गार पाणी वर येतं. काही किनाऱ्यांवर किनाऱ्याला समांतर वाहणारा वाराही हेच करतो. आकाश निरभ्र, ऊन कडक, आणि खाडीच्या तोंडाशी आकडा आदल्या फेरीपेक्षा तीन-चार अंश खाली! असं झालं की उघड्या किनाऱ्याचा नाद सोडून आत, उथळ खाडीत जायचं. तिथे वाऱ्याचा हात कमी पोचतो.

भरतीचं गणित त्यामानाने सोपं. पहिल्या तासात एकूण चढ-उताराचा एक बारावा हिस्सा, दुसऱ्यात दोन, तिसऱ्या आणि चौथ्यात तीन-तीन, पुढे पुन्हा दोन आणि एक. हा अंदाज आहे, खाडीच्या आकाराप्रमाणे तो बदलतो, पण पाण्याला खरी ओढ मधल्या दोन तासांत असते हे त्यातून कळतं. मासे त्या ओढीच्या दोन्ही बाजूंना, ती वाढताना आणि मंदावताना, जास्त खातात असं माझं निरीक्षण आहे. २० मार्चच्या आसपास, वसंतसंपाताच्या सुमारास येणारी अमावस्या-पौर्णिमेची उधाणं वर्षातल्या मोठ्या उधाणांपैकी असतात. तेव्हा पाणी इतकं गढूळ होतं की लूर दिसतच नाही. उधाण ओसरून भांगाकडे (कमी चढ-उताराच्या भरतीकडे) सरकतानाचे दिवस मला सगळ्यात आवडतात. आणि खडकावर उभं राहणाऱ्यांनी हेच गणित परतीच्या वाटेसाठीही करावं: तिसऱ्या तासाला पाणी मागून कधी वेढतं ते कळत नाही.

ज्या संध्याकाळी हे सगळं जुळून आलं, तेव्हा ओहळाच्या तोंडाशी गढूळ आणि निवळ पाण्याची स्पष्ट रेघ होती. बोयची पिल्लं त्या रेघेला चिकटून दाटीने फिरत होती. अचानक ती चहूकडे उधळली आणि ‘भॉक्’ असा आवाज आला. जिताडा तोंड झटकन उघडतो आणि भक्ष्यासकट पाणी आत ओढतो, त्याचा हा आवाज. मी लूर ओहळात वरच्या अंगाला टाकला आणि न ओढता प्रवाहाबरोबर खाली येऊ दिला. रेघेवर पोचताच दोरा जड झाला. गरी बसली आणि पुढच्याच क्षणी मासा अख्खा पाण्याबाहेर, कल्ले फुलवून, डोकं झटकत. तो उडाला की रॉडचं टोक खाली करायचं, नाहीतर गळ निसटतो. त्याच्या कल्ल्याच्या झाकणाची कड पात्यासारखी धारदार असते, म्हणून ब्रेडच्या (विणलेल्या दोऱ्याच्या) पुढे लीडर, म्हणजे टोकाशी जोडलेला जाड दोरा, हवाच. माझ्या लीडरवर नंतर पाहिलं तर बोटभर लांबीत चरे पडले होते.

मासा जवळजवळ मीटरभर लांब होता. जिताडा आधी नर असतो आणि मोठा झाल्यावर मादी होतो. एवढा मोठा मासा म्हणजे बहुतेक मादीच, तीही अंडी घालण्याच्या हंगामाच्या तोंडावर. म्हणून तिला पाण्याबाहेर काढलंच नाही. काटे आधीच चेपून सपाट केलेला गळ पक्कडीने निघाला. ओल्या हातांनी पोटाखाली आधार देऊन तोंड प्रवाहाकडे धरलं. कोरड्या हाताने अंगावरचा बुळबुळीत थर निघतो आणि मासा सुटला तरी पुढे रोगाला बळी पडू शकतो. कल्ले एका लयीत हलायला लागले, शेपटीत जोर आला, तेव्हा हात काढले.

पाणी २८-२९ अंशांच्या वर स्थिरावलं की वसंताची ही पद्धत बंद करते. मग उथळ पाणी दुपारी उलट फार तापतं, मासे खोलात किंवा सावलीत सरकतात आणि पहाट, रात्र यांची पाळी येते. अंडी घालण्याच्या काळात काही ठिकाणी जिताड्याच्या मासेमारीवर बंदी असते, तिच्या तारखा मी हंगामाआधीच वहीच्या पहिल्या पानावर लिहून ठेवते.