मायच्या ग्रॅच्युइटीचा नंबर सतरावा

माय मराठवाड्यातल्या एका नगरपरिषदेत 31 वर्षं सफाई कामगार होती. 2022 च्या मे अखेरीस निवृत्त झाली. पेन्शन सुरू झाली, पण ग्रॅच्युइटी आणि शिल्लक रजेचे मिळून साडेनऊ लाख अडकले. दोन्ही गुडघ्यांचं ऑपरेशन त्या पैशांवर ठरलं होतं.

लेखा विभागात दर महिन्याला एकच उत्तर मिळायचं. "ताई, अनुदानात चालू पगार आणि पेन्शनच कशीबशी भागते. थकीत देणी आमच्या उत्पन्नातून द्यायची, अन् उत्पन्न कुठंय?"

मी वर्षभर याला टोलवाटोलवी समजत होते. शेवटी तिथल्याच एका जुन्या कारकुनानं समोर बसवून हिशेब समजावला. 1999 पर्यंत नगरपरिषदेची स्वतःची जकात होती, म्हणजे गावात येणाऱ्या मालावरचा कर. राज्यानं ती बंद केली आणि बदल्यात सहायक अनुदान द्यायला सुरुवात केली. म्हणजे पगाराचा पैसा मुंबईहून सुटतो, जिल्ह्याला येतो, मग गावाला. तिकडं हात आखडला की इकडं पगार लांबतो. स्वतःचं म्हणून उरलं घरपट्टी, पाणीपट्टी आणि गाळ्यांचं भाडं. आमच्या भागात मांजरा धरण आटलं की नळाला दहा-पंधरा दिवसांनी पाणी. 2016 ला तर लातूरला मिरजेहून रेल्वेनं पाणी आणावं लागलं. अशा साली पाणीपट्टी कोण भरणार? पंपाचं वीजबिल मात्र थांबत नाही.

केंद्राच्या 15 व्या वित्त आयोगाचा निधी यायचा, पण तो पगार किंवा आस्थापनेवर खर्चता यायचा नाही. म्हणून दारात नवी घंटागाडी उभी राहायची आणि 31 वर्षं कचरा उचललेली बाई पैशासाठी खेटे घालायची. नियम समजला तरी हे मला पटलेलं नाही.

2024 च्या जूनमध्ये राज्याच्या अर्थसंकल्पात लाडक्या बहिणींसाठी वर्षाला 46 हजार कोटी जाहीर झाले. माझ्या बहिणीला ते 1500 रुपये मिळतात, तिच्या घरी त्यांचा आधार आहे. त्याला माझा विरोध नाही. पण नवीन देणं कबूल करताना जुनं देणं कुणाचं आहे हे सरकारनं आधी मोजायला हवं होतं, असं मला मनापासून वाटतं.

तोवर मी वाट बघणं सोडलं होतं. नगरपरिषदेवर प्रशासक होते, गाऱ्हाणं सांगायला नगरसेवकच नव्हता. दहा रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प लावून माहिती अधिकारात तीनच गोष्टी मागितल्या: थकबाकीदारांची निवृत्तीच्या तारखेनुसार यादी, दोन वर्षांत कुणाला किती दिलं, आणि अनुदान कोणत्या तारखांना जमा झालं. तीस दिवस गेले, उत्तर नाही. पहिलं अपील केलं. मग कळलं की यादी अशी नाहीच! मायच्या नंतर निवृत्त झालेल्या तिघांना पैसे मिळाले होते. तिथं मला रडू आलं. पैसा कमी आहे हे मी समजू शकत होते. पण कमी पैशात आधी कुणाला द्यायचं हे ओळखीवर ठरत होतं.

ती उत्तरं जोडून जिल्हाधिकारी कार्यालयातल्या नगरपालिका शाखेत अर्ज दिला. आणखी पाच जण सह्यांना आले. तीन महिन्यांनी यादी नोटीस बोर्डावर लागली. माय सतराव्या नंबरवर. 2025 च्या मार्चअखेर रजेचे पैसे आले, दिवाळीनंतर ग्रॅच्युइटी. एका गुडघ्याचं ऑपरेशन झालंय.

माझं ऐकून कुणी अर्ज करणार असेल तर एकच सांगते: "पैसे कधी मिळतील" असं विचारू नका, यादी मागा.

पैसे जमा झाल्यावर माय म्हणाली, "मला तिथं घेऊन चल." तिला वाचता येत नाही. बोर्डासमोर उभं राहून तिनं स्वतःच्या खालची नावं माझ्याकडून वाचून घेतली. प्रत्येक नावाला ती सांगत होती, ही बाजारपट्टीला होती, हा नालीवर. एका नावापुढं पेनानं 'वारस' असं लिहिलेलं होतं.

"ते काय लिवलंय गं?" तिनं विचारलं.