रुपया घसरला, पण निर्यातदाराच्या हातात किती उरलं?

डॉलर वधारला की ‘निर्यातदारांची चांदी’ असे मथळे येतात. ज्यांचा कच्चा माल बाहेरून येतो, त्यांना हे वाचून संताप येणं साहजिक आहे. सुरत-मुंबईचा हिऱ्यांचा धंदा घ्या: कच्चा हिरा डॉलरमध्ये घ्यायचा, पैलू पाडून डॉलरमध्येच विकायचा. रुपयात असतात ती फक्त मजुरी, वीज, भाडं. घसरणीचा फायदा तेवढ्याच भागावर मिळतो.

कोणत्याही आयात-आधारित मालाचा हिशेब मांडून बघा. बिल १ लाख डॉलरचं, दर ८३ वरून ८६. म्हणजे ३ लाख रुपये जास्त. पण ६५,००० डॉलरचा कच्चा माल आयातीचा. पुढची खेप घेताना १ लाख ९५ हजार तिथेच जातात. जहाजभाडं ५,००० डॉलर, म्हणजे आणखी १५ हजार. उरले ९० हजार. तेवढ्यात खरेदीदाराचा मेल: तुमचा रुपया पडलाय, १ टक्का सोडा. १,००० डॉलर, म्हणजे ८६ हजार. शिल्लक ४ हजार! स्पर्धक देशाचं चलनही घसरलं असेल, तर नाही म्हणायचीही सोय नसते.

गोदामात जुन्या दराचा साठा असेल तर पहिल्या खेपेला नफा छान दिसतो. तो धरून पुढच्या ऑर्डरींचे भाव देऊ नका.

सॉफ्टवेअरचं गणित वेगळं, कारण तिथे मोठा खर्च रुपयातल्या पगारांचा.

सगळ्यात महाग पडते ती फॉरवर्डमधली चूक (फॉरवर्ड म्हणजे पुढे येणाऱ्या डॉलरचा दर आजच बँकेशी ठरवून टाकण्याचा करार). पूर्ण १ लाख डॉलर ८३.५० ला विकून ठेवले आणि आयात-भाड्याचे ७०,००० डॉलर दर न ठरवता उघडे राहिले, तर दर ८६ झाल्यावर विक्री जुन्या दराने, खरेदी नव्या दराने. १ लाख ७५ हजारांचा फटका. फॉरवर्ड निव्वळ ३०,००० डॉलरचाच घ्यावा. ऑर्डर रद्द झाली तर करार बाजारभावाने मोडावा लागतो आणि डॉलर चढलेला असेल तर फरक पदरचा भरावा लागतो.

आणि बिल कोणत्या चलनात आहे तेही बघा. २०२२ मध्ये जानेवारी ते सप्टेंबर डॉलर ७४-७५ वरून ८१ च्या पुढे गेला, पण युरो ८४ च्या आसपास होता, तो ८० च्या आसपास उतरला. युरोत वसुली असणाऱ्याला रुपये कमी मिळाले, डॉलरमधलं जहाजभाडं मात्र चढ्या दरानेच भरावं लागलं.